घाटात थांबलेला ठिपका

माझं माहेर घोटीच्या पुढं, सगळा भाताचा मुलूख, घरापुढं खाचरं आन मागं डोंगर, आमच्याकडं पोरगी जरा मोठी झाली की लावणीला न्यायची आन मंग स्थळं बघायला लागायचं, पन माझा मोठा भाऊ, दादा म्हनतो आम्ही त्याला, तो नाशिकला अंबडला कंपनीत लागला व्हता, त्यानं वडलांना सांगितलं, अण्णा, हिला शिकू द्या, म्हनून मी बारावी झाले. मंग एसटीत कंडक्टरची भरती निघाली आन मी लागले. काय सांगू तुम्हाला, खाकी कपडे घातले तेव्हा आई रडायलाच लागली, म्हने पोरगी पोलीस झाली. आन अण्णा एकदा मुद्दाम माझ्या गाडीत बसले घोटीहून, मी म्हनलं, अण्णा तिकीट, तर ते उठून उभेच राहिले, जसं काय मी साहेबीण हाय. सगळी गाडी हसली. अण्णा आता नायेत. त्यांना पुढचं काय बघावं लागलं नाय, ते एक बरं झालं.

लग्न नाशिकातच झालं. श्रावणीचे पप्पा, पोरीच्या नावानं मी त्यांना अजून तसंच म्हनते, नाव नाय घेत, सवय गेली नाय, त्यांचं नाशिकातच द्वारका चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. लहानसंच दुकान, पन हात लय चांगला, पान्यात पडलेला, चाकाखाली आलेला, कसलाबी फोन आणा, ते डोळ्याला भिंग लावून बसायचे आन चालू करून द्यायचे. दारू नाय, तंबाखू नाय, माझ्या नोकरीला कधी नाय म्हनले नाय. श्रावणी झाली तेव्हा महिनाभर तिचे लंगोट त्यांनी धुतले. हे मी आधी सांगते, कारन पुढचं ऐकून तुम्ही म्हनाल कसला मानूस व्हता. तसा नव्हता. म्हनजे, तसा नव्हता म्हनूनच मला कळायला एवढा वेळ लागला.

श्रावणी शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी मला नवा फोन घेतला. स्वतःच सगळं करून दिलं, कुठलं काय भरायचं, कुठला पासवर्ड, मी कशाला बघते, घरचा मेकॅनिक हाय म्हनल्यावर! मला फोन उचलता येत व्हता, फोटो काढता येत व्हता, मेसेज लिहिता येत व्हता, बास. आन मंग लय छान दिवस गेले. माझी गाडी उशिरा आली तर हे स्टँडवर गाडी घेऊन हजर. मी म्हनायचे, तुम्हाला कसं कळलं आत्ताच पोचले ते, तर हसायचे, म्हनायचे, मला सगळं कळतं. डेपोतल्या बायका म्हनायच्या, नशीब काढलंस बाई. मला पन वाटायचं, एवढी काळजी कोन करतं.

मंग माझी ड्युटी हरसूलच्या गाडीवर लागली. त्या गाडीची गंमतच वेगळी, बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसती, टोपल्या, पोती, कोंबड्या, एक म्हातारी तर दर वेळी माझ्याशी भांडायची, कोंबडीचं तिकीट नको लावू, ती काय शिटावर बसती का. ड्रायव्हर पगारे काका, रिटायरमेंटला आलेले, कानाला मफलर, गाडीत भजनं म्हनायचे. बापासारखा मानूस. तर एक दिवस जेवताना श्रावणीचे पप्पा म्हनले, हरसूलच्या अलीकडं घाटात गाडी का थांबते? मी म्हनलं, नाय थांबत, तिथं स्टॉपच नाय. आठ-पंधरा दिवसांनी परत तेच, घाटात थांबता तुम्ही, लय वेळ थांबता, खरं सांग. मी म्हनलं, अहो कोनी सांगितलं तुम्हाला? म्हनले, मला माहितीये. मला वाटलं पॅसेंजरपैकी कोनी कायतरी चुगली केली. मी पगारे काकांना पन बोलले, काका, आपन घाटात कधी थांबलो का वो? ते म्हनले, बाई, त्या उतारावर थांबलो तर गाडी खालीच जाईल.

पन ते वाढतच गेलं. रोज तेच. तुझं ड्रायव्हरशी काय हाय. आन मी काय बोलणार, शपथ घेतली, श्रावणीच्या डोक्यावर हात ठेवला. ते म्हनायचे, माझ्यासमोर पुरावा हाय. कसला ते सांगायचे नाय. तुम्ही विचार करा, मानूस म्हनतो पुरावा हाय आन दाखवत नाय, आन तुम्हाला माहितीये आपन काय केलं नाय, तरी आपन आपल्याच मनात शोधायला लागतो, कधी थांबलो व्हतो का, एखाद्या दिवशी टायर पंक्चर झालं व्हतं का. मी वेडी व्हायची वेळ आली. मंग एकदा त्यांनी डेपोत येऊन पगारे काकांची कॉलर धरली, सगळ्यांसमोर. त्या झटापटीत म्हाताऱ्याचा मफलर खाली पडला, तो मी उचलून दिला तर तेच ह्यांना झोंबलं. त्या दिवशी मी श्रावणीला शाळेतून घेतलं आन तशीच दादाकडं गेले.

आता खरं इथून सुरू व्हतं.

दादाकडं दोन खोल्या, दादा, मंगल वहिनी आन आम्ही दोघी. दादा म्हनला, काय काळजी करू नको, मी हाय. त्यानं कंपनीतल्या कोनाकडून एका वकीलबाईचा पत्ता काढला. हे फक्त तिघांना ठाऊक, मला, दादाला, वहिनीला. मी ड्युटी संपवून परस्पर गेले, बाईंना सगळं सांगितलं, बाहेर पडले नाय तर ह्यांचा मेसेज. वकिलीणबाईचा जिना लय उंच हाय, उतरताना जपून.

मी तिथंच पायरीवर बसले.

दुसऱ्या वेळी तसंच. श्रावणीची शाळा बदलायची म्हनून मी एका शाळेत चौकशीला गेले, संध्याकाळी फोन, पोरीची शाळा मला न विचारता बदलायची नाय. मी माझ्या मावसबहिणीला मेसेजमधे लिहिलं की मला आता परत जायची भीती वाटते, तर त्यांनी तोच शब्द मला ऐकवला, भीती वाटते का, माझी भीती वाटते का तुला? मावसबहिणीला विचारलं, ती म्हनली देवाशप्पथ मी कोनाला बोलले नाय. मी इकडं तिकडं बघत चालायला लागले. गाडीत तिकीट फाडताना एकेकाचं तोंड बघायचे, ह्यानं सांगितलं असंल का, त्यानं सांगितलं असंल का. जेवन जाईना. बाथरूममधे सुद्धा हळू आवाजात रडायचे, कोन ऐकतंय काय माहीत.

आन दादाला संशय आला वहिनीचा. कारन वहिनीचं माहेर आन माझं सासर एकाच शिवारातलं, येणंजाणं व्हतं. एक दिवस तो ताटावरून उठला आन वहिनीला म्हनला, ह्या घरातलं बाहेर जातंय कसं मंगल? तिसरं कोन हाय इथं? वहिनी भाकरी करत व्हती. तिनं तवा खाली उतरवला, हात धुतले आन माझ्याकडं बघितलं. ताई, तुम्हाला पन असंच वाटतं का? मी म्हनलं नाय वहिनी, पन माझा आवाज काय निघाला नाय नीट, आन तिनं ते ओळखलं. त्या दिवसापास्नं ती आमच्यात जेवायला बसायची नाय. वाढायची आन आत जायची. मला वाटायचं आपन आपला संसार तर मोडला, आता भावाचा पन मोडायला आलो.

पन वहिनी लय खमकी. चौथी शिकलेली हाय का पाचवी, पन गप्प बसणाऱ्यातली नाय. एक दिवस माझी सुट्टी व्हती, घरीच व्हते, ती तयार होऊन आली, पदर खोचून, पिशवी घेऊन, म्हनली, ताई, तुमचा मोबाईल द्या. मी म्हनलं कशाला? म्हनली, द्या. मी घोटीला चालले तांदूळ बघायला. तुमच्या भावाला सांगा आज घरीच बसायचं. आन तुम्ही कोनाला फोन करायचा नाय, कुठं जायचं नाय. बघू चुगली कोन करतं, मी का हा डबा. आन माझा फोन पिशवीत टाकून गेली निघून.

आम्ही भाऊबहीण घरात नुसते बसून. दादा एकदा टीव्ही लावायचा, एकदा बंद करायचा. दुपारी मी चहा ठेवला, कप भरले, एवढ्यात दादाचा फोन वाजला. श्रावणीचे पप्पा. दादानं स्पीकरवर टाकला. ते म्हनले, दादा, तुमची बहीण ड्युटी सोडून घोटीच्या बाजारात काय करती, जरा विचारा तिला. कोनाबरोबर गेली ते पन विचारा. दादा माझ्याकडं बघत व्हता. तो एकदम हळू बोलला, म्हनला, पाव्हनं, माझी बहीण माझ्यासमोर बसून चहा पिते. तिकडून फोन कट झाला.

दादानं कप खाली ठेवला आन नुसता तोंडावरून हात फिरवत राहिला. वहिनी संध्याकाळी आली, घामाघूम, तांदळाची पिशवी खांद्यावर, आमची तोंडं बघूनच तिला कळलं. आला ना फोन, म्हनली. दादा म्हनला, मंगल, मी चुकलो. ती म्हनली, आधी ही पिशवी घ्या खांद्यावरून, मंग चुका. आन आत जाऊन रडली. मी तिच्या मागं गेले, आम्ही दोघी रडलो. तो फोन तिच्या पिशवीतच व्हता, तांदळावर, आन आम्हाला दोघींना त्याच्याकडं बघायची पन भीती वाटत व्हती, जसं काय साप हाय.

दुसऱ्या दिवशी तसाच फोन घेऊन वकीलबाईंकडं. त्यांच्या ऑफिसात एक तरुण वकील मुलगी, तिला ह्यातलं कळत व्हतं. तिनं इकडं दाबलं, तिकडं दाबलं, म्हनली, ताई, हा फोन तुमच्या हातात आहे इतकंच, आतला मालक ते आहेत. ह्या फोनला आयडी त्यांचा आहे. तुम्ही कुठं आहात ते त्यांना दिसतं, फोटो त्यांच्याकडं जातात, आणि तुमचे मेसेज दुसरीकडं एका कम्प्युटरवर उघडे आहेत. दुकानातला कम्प्युटर! मला आठवलं, मी दुकानात जायचे तेव्हा ते स्क्रीन फिरवायचे पलीकडं. म्हनजे माझ्या नोकरीच्या गोष्टी, माझ्या पाळीच्या तारखा, आईशी बोललेलं, सासूबद्दल बहिणीला लिहिलेलं, सगळं तिथं, गिऱ्हाईकाच्या फोनांमधे मांडलेलं. काय सांगू, अंगावरचे कपडे कोनी नेले असते तरी एवढं वाटलं नसतं.

मंग ती मुलगी म्हनली, पण आयडी एकच असल्यामुळं त्यांचंही इथून दिसतं. तिनं नकाशा काढला. त्यावर दोन ठिपके. म्हनली हा तुम्ही. आणि हा त्यांचा फोन. दोन्ही ठिपके जवळजवळ चिकटलेले. मला कळंना. वकीलबाई उठल्या आन खिडकीशी गेल्या, म्हनल्या, चौकड्याचा शर्ट घालतात का तुमचे मिस्टर? मी आडूनच बघितलं. समोर चहाच्या टपरीवर ते उभे, हातात ग्लास, आन मान खाली घालून फोनमधे बघत व्हते. म्हनजे मला बघत व्हते. आन मी त्यांना बघत व्हते, वरून पन आन फोनात पन. मी मागं सरकले, म्हनलं, मॅडम, दार लावा आधी.

वकीलबाईंनी स्क्रीनचे फोटो काढून घेतले पुराव्याला, म्हनल्या, ह्यातलं त्यांचं काही उघडू नका, नाहीतर तुम्हीही तेच केलं असं होईल. मला कळत व्हतं. पन मन म्हनत व्हतं, त्यांनी एवढं बघितलं, आपन बघावं जरा, कोनी बाई हाय का, काय हाय. बोट गेलंच माझं फोटोंवर. तर सगळी श्रावणी. बारशाची, पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाची, माझी खाकी टोपी घालून बसलेली. मी फोन त्या मुलीला परत दिला आन म्हनलं, मला ह्यातून काढा. माझं नाव, माझा ठिपका, सगळं. तिनं तिथंच सगळं तोडलं, आन नवा साधा फोन घेतला तो कोना ओळखीच्याच्या हातून नाय, त्या मुलीनंच समोर बसवून माझ्याकडूनच सगळं भरून घेतलं. पासवर्ड ठेवताना ती तोंड फिरवून बसली. मला लय बरं वाटलं त्याचं.

फॅमिली कोर्टात आधी समुपदेशनाला बसवतात. एक वयस्क बाई व्हत्या, शांत बोलायच्या. श्रावणीचे पप्पा माझ्या मेसेजचे कागद छापून घेऊन आले व्हते, गठ्ठाच. बाई म्हनल्या, हे कुठून मिळालं तुम्हाला? ते म्हनले, बायको आहे माझी, नवरा-बायकोत काय लपवायचं? बाई म्हनल्या, तुमच्या फोनचा पासवर्ड सांगा बरं. तर पासवर्ड राहिला बाजूला, श्रावणीच्या पप्पांनी नकाशाचा एक कागद पुढं केला, म्हनले, हे बघा मॅडम, गाडी इथं थांबते, दर खेपेला, ठिपका हलत नाही, आता हिला विचारा हे काय आहे.

मी तो कागद पहिल्यांदा बघितला. आन वळण बघून माझ्या लक्षात आलं. मी म्हनलं, अहो, तिथं रेंज जाते. त्या वळणानंतर पार हरसूल जवळ येईपर्यंत कोनाचाच फोन लागत नाय, तिकिटाचं मशीनसुद्धा अडकतं माझं. गाडी जाते पुढं, फोन मागंच दाखवतो. तुम्ही फोनचे मेकॅनिक, तुम्हाला हे कळलं नाय?

त्यांनी कागद जवळ ओढून त्या वळणावर बोट ठेवलं. मंग म्हनले, हे तू मला आधी का नाही सांगितलं? मी म्हनलं, तुम्ही कशात बघता ते मला आधी का नाय सांगितलं? मी सांगितलं असतं ना. पहिल्याच दिवशी, जेवताना, सांगितलं असतं.

त्यांच्या डोळ्यांत पानी आलं, खोटं कशाला बोलू. बाहेर व्हरांड्यात येऊन म्हनले, चल घरी, झालं गेलं सोड, मी सगळं काढून टाकतो. पगारे काकांची पन जाऊन माफी मागितली त्यांनी नंतर. दादा म्हनला, बघ, विचार कर. मी लय विचार केला. पन मला सांगा, काढून टाकलं हे मला कसं कळणार? ते म्हनतील काढलं, आन मी म्हनणार हो, आन मंग स्वयंपाक करताना, झोपताना, आईशी बोलताना मला वाटणारच, हाय, कुठंतरी हाय. ते खरं बोलले तरी वाटणार. तसं जगायला नको वाटलं. मंग दोघांच्या संमतीनं फारकत झाली. श्रावणी माझ्याकडं, रविवारी पप्पांकडं. कोर्टात लिहून दिलं दोघांनी की एकमेकांच्या फोनात, आयडीत शिरायचं नाय.

पन भीती कागदावर लिहून जात नाय हो. अजून मी फोन उशाला घेत नाय. तुम्ही हे फोनात न घेता हातानं लिहून घेताय म्हनून एवढं तरी बोलले. एखाद्या अनोळखी नंबराचा मेसेज आला तर आधी फोन पालथा ठेवते, आन मंग बघते तर कसली तरी जाहिरात असती.

आन आता श्रावणी मोठी झाली, आठवीत गेली, तिला तिच्या पप्पांनी फोन घेऊन दिला. मेकॅनिकची पोर, भारीतला फोन. मला तो घरात आला तसं परत सुरू झालं. ह्यात काय बसवलं असंल, आम्ही कुठं जातो, काय बोलतो, त्यांना दिसत असंल का. तिच्यासमोर बोलायचं बंद केलं मी, तर पोर म्हनायला लागली, आई, तू माझ्याशी बोलत का नाय? एक दिवस ती अंघोळीला गेली आन मी तिचा फोन उचलला. तिचा पासवर्ड मी बघून ठेवला व्हता मागून, हे सांगायला पन लाज वाटते. उघडला. आयडी कुठं दिसतो ते शोधत व्हते, पन बोटं काय तिथं थांबत नायेत, मेसेजवर गेली, कोन ही मैत्रीण, कोन हा मुलगा. मागून आवाज आला, आई. केस पुसत उभी. ती ओरडली नाय. म्हनली, तू पन पप्पांसारखंच करते.

मी फोन ठेवला. मी म्हनलं, श्रावणी, मला भीती वाटते गं, पप्पांनी ह्यात कायतरी. ती म्हनली, मंग मला विचारायचं ना. आन माझ्यासमोर बसून तिनं पप्पांना फोन लावला. पप्पा, ह्या फोनमधे मी कुठं जाते ते तुम्हाला दिसतं का? तिकडून काय म्हनले मला ऐकू आलं नाय. ती म्हनली, मंग काढा. रविवारी माझ्यासमोर काढा. मी सांगत जाईन ना तुम्हाला, मला विचारत जा, फोनला नका विचारू. आन मला म्हनली, तू पन.

रविवारी आली तर म्हनली, काढलं. होतं त्यात, पप्पांनी स्वतः दाखवलं आन काढलं. पप्पा रडत व्हते थोडे, म्हनली. मी पुढं काय विचारलं नाय.

आता ती क्लासला जाते. उशीर झाला की माझा जीव वरखाली व्हतो, फोनकडं हात जातो, पन मी आपली ओट्याशी कायतरी करत राहते, भांडी घासलेली परत घासते. ती येते, चपला काढते, आन सांगते, मैत्रिणीकडं थांबले व्हते, पाणीपुरी खाल्ली. कधी सांगते, कधी नाय सांगत. सांगते तेवढं मी ऐकते आन ताट वाढते. तिच्या पप्पांचं पन चांगलं होवो, त्यांच्या दुकानाला बरकत राहो, पोरगी त्यांची पन हाय. आन तुमच्या घरात लेकी असतील त्यांना म्हनावं, सुखाची झोप लागू द्या. मला अजून नीट लागत नाय, पन आता मधे मधे लागते.